जुनिपरची छाटणी जास्त झाली, उन्हाळा तोंडावर आहे. काय करावं?

पेठेतली_गच्ची | २६ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बोन्सायमध्ये नवीन आहे, सोलापूर शहरात राहते. नर्सरीतून आणलेला जुनिपर आहे: ८ इंची काळी प्लॅस्टिकची कुंडी, उंची साधारण ३५ सेंमी, खोड अंगठ्याएवढं. सहा दिवसांपूर्वी छाटला. खोड आणि फांद्या दिसाव्यात म्हणून आतली सगळी हिरवळ काढली. आता चार फांद्यांच्या टोकांना झुपके आहेत, दोन फांद्या पूर्ण उघड्या. आधीच्या हिरवळीचा जेमतेम पाव भाग उरला असेल. माती लाल आणि घट्ट आहे. कुंडी गच्चीवर दिवसभर उन्हात असते, पाणी सकाळ-संध्याकाळ. रंग किंचित फिका वाटतोय.

नवीन मातीत लावू का? खत कोणतं देऊ? घरात सावलीला आणू का?

सुईपान | २६ फेब्रुवारी

ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देतो, म्हणजे आज संध्याकाळी घाईत काही व्हायला नको. माती बदलू नका. खत देऊ नका. घरात आणू नका. आणि दोन वेळचं पाणी आजपासून थांबवा. कारणं खाली लिहितो.

त्याआधी झाड नक्की जुनिपरच आहे का ते बघा. आपल्याकडे तीन झाडांची गल्लत होते. सुरूच्या लांब हिरव्या काड्या ओढल्या की सांध्यावर सुटतात. तो दिसायला पाइनसारखा, पण सूचिपर्णी नाही आणि जुन्या लाकडातूनही फुटतो. सुरू निघाला तर काळजी अर्ध्यावर आली. मोरपंखीची पानं चपट्या, उभ्या पंख्यांसारखी असतात. जुनिपरचे झुपके गोल, खवल्यांचे किंवा टोचऱ्या सुयांचे, आणि चुरडल्यावर उग्र वास येतो. मोरपंखी आणि जुनिपर दोघांचाही नियम एकच: ज्या फांदीवर हिरवं उरलं नाही, ती फांदी सहसा परत फुटत नाही.

म्हणून त्या दोन उघड्या फांद्या गेल्या असं धरून चाला. मात्र कापू नका, वाळू द्या. आत्ता नवी जखम नको. सगळा जीव आता उरलेल्या चार झुपक्यांवर आहे. त्यांचं एक टोकही खुडू नका, तार लावू नका, दिसायला कितीही विस्कटलेलं वाटलं तरी.

नान्नजकर | २६ फेब्रुवारी

आमच्याकडे द्राक्ष आहे, त्यामुळं ही चूक कुठून होते ते मला लगेच कळतंय. आपल्या भागात छाटणी म्हटलं की डोळ्यासमोर द्राक्ष नाहीतर डाळिंब येतंय. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल पार ओलांड्यापर्यंत (तारेवरच्या आडव्या जाड फांदीपर्यंत) उघडा करतात, तरी पंधरा दिवसांत हिरवागार. ते होतं कारण वेलाच्या मुळात, खोडात, ओलांड्यात अन्नाचा साठा असतोय आणि सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेल्या कळ्या, असतात. डाळिंबाची तर मुद्दाम पानगळ करतात.

जुनिपरचं गणित उलटं. त्याच्या साठ्याचा मोठा वाटा पानातच असतोय, आणि उघड्या जुन्या लाकडात जागा होईल असा डोळा नसतोय. पाऊण हिरवळ काढली म्हणजे अन्न करणारा कारखाना आणि कोठार दोन्ही एकदम गेलं.

आणि एक कळकळीनं सांगतो. गावाकडचं कुणीतरी म्हणेल की द्राक्षाला लावतो ते हायड्रोजन सायनामाइड उघड्या फांदीवर पुसा, फूट निघेल. अजिबात करू नका. ते झोपलेल्या डोळ्याला जागं करतं. इथं डोळाच नाही, मग हिरवा भाग तेवढा जळेल. माणसालाही ते घातक आहे, घरच्या गच्चीवर आणायची वस्तू नव्हे. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक, त्याचं पण तसंच, फूट लांबट आणि लुळी होते. ह्युमिकच्या बाटल्याही सध्या कपाटातच राहू द्या.

कुंडीतली_मुळं | २७ फेब्रुवारी

पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण जास्त छाटलेली झाडं छाटणीपेक्षा नंतरच्या पाण्यानं मरतात.

पाणी वर ओढतात पानं. पानं पावपट झाली की मातीतलं पाणी उपसणंही तेवढं कमी होतं. पूर्वी एका दिवसात संपणारं पाणी आता तीन-चार दिवस तसंच राहतं. घट्ट लाल मातीत त्या काळात हवा शिरत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी घेऊ शकत नाही, मग शेंडे सुकल्यासारखे दिसतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं आणि आपण आणखी घालतो. हा फेरा तोडायचा आहे.

मसाला नसलेली उदबत्तीची काडी खोडापासून ४ सेंमी अंतरावर ५ सेंमी खोल खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी ओली, गडद, माती चिकटलेली निघाली तर पाणी नाही. टोकाला जेमतेम दमटपणा असेल तर पाणी द्या. द्यायचं तेव्हा खालच्या भोकांतून वाहीपर्यंत, दोन हप्त्यांत, मध्ये दहा मिनिटं सोडून. रोज कपभर पाणी घालण्यानं वरचा थर ओला राहतो आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत होतो, तेही वाईटच.

वेळ सकाळची, सातच्या आत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि नळीतलं पाणी दुपारी चारला हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते मुळांवर जाऊ नये. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेलंच वापरावं लागतं. साठवलेलं चालतं, उलट त्यातला क्लोरीन उडून जातो. बोअरचं जड पाणी शक्यतो टाळा. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

पेठेतली_गच्ची | २७ फेब्रुवारी

जुनिपरच आहे, खात्री केली. काडी सगळीकडे चिखलासारखी ओली निघाली. कुंडीला खाली चार भोकं आहेत, पण पाणी थेंब-थेंब गळतं. अशा मातीत उन्हाळा काढता येईल का? बदलायची नसेल तर दुसरा काही उपाय?

भिंगवाला | २७ फेब्रुवारी

इतकी ओली असेल तर मी माती बदलायच्या बाजूचा आहे. मार्च अजून लागायचा आहे, रात्री सुसह्य आहेत. कुजण्याची वाट बघण्यापेक्षा विटांचा चुरा आणि जाड वाळूत आजच लावलेलं बरं.

कुंडीतली_मुळं | २७ फेब्रुवारी

भिंगवाला, तुमची भीती रास्त आहे, पण इथे मी असहमत आहे. लाल मातीचा गोळा धुऊन मोकळा करताना बारीक तंतुमुळं तुटणारच. ती परत यायला पानांनी केलेलं अन्न लागतं, आणि टोकांतून खाली जाणारं ऑक्सिन हे संप्रेरकही लागतं. तेच नव्या मुळांना फुटायला लावतं. या झाडाकडे दोन्ही अपुरं आहे. त्यात सहा आठवड्यांत पारा चाळिशीला टेकेल. पानं आणि मुळं एकाच हंगामात कापायची नाहीत.

मधला मार्ग असा. कुंडी एका बाजूनं विटेवर टेकवून तिरकी ठेवा, भोक खालच्या कोपऱ्याकडे येईल अशी. सपाट ठेवलेल्या कुंडीत तळाशी ओल्या मातीचा एक थर कायम राहतो, पाणी तिथून आपणहून उतरत नाही. तिरकी केली की तो थर एका कोपऱ्यात गोळा होतो आणि बाकीच्या मुळांना हवा मिळते. दोन-तीन दिवसांत फरक काडीवर दिसेल.

मग माती किंचित दमट असताना, ओल्या चिखलात नव्हे, पेन्सिलीएवढी काठी घेऊन कडेच्या बाजूनं सहा-सात उभी छिद्रं पाडा, कुंडीच्या पाऊण खोलीपर्यंत. अडलं तर जोर लावू नका, तिथे जाड मूळ असेल. छिद्रांत ३ ते ५ मिमी चाळलेला विटांचा चुरा भरा. पीठ चाळून काढलेलं हवं, नाहीतर तेच परत चिखल करतं.

माती बदलायची एकच परिस्थिती आहे: कुंडी आडवी करून गोळा अलगद सरकवला आणि गटारीसारखा वास आला, मुळं काळी, बोटानं दाबल्यावर साल सुटणारी निघाली तर. मग कुजलेलं तेवढं काढायचं आणि भरड मिश्रणात लावायचं. मुळं फिक्या तपकिरी रंगाची, टणक, टोकं पांढरी असतील तर गोळा तसाच परत ठेवा.

पेठेतली_गच्ची | २८ फेब्रुवारी

सरकवून पाहिलं. वास नाही. मुळं टणक, दोन-तीन पांढरी टोकं दिसली. तळाशी थोडी काळपट आहेत.

भिंगवाला | २८ फेब्रुवारी

पांढरी टोकं असतील तर माझं म्हणणं मागे घेतो. कुंडी तिरकी करा आणि मुळांना हात लावू नका. एक भर: झाड कुंडीत हलत असेल तर सुतळीनं कुंडीच्या काठाला बांधा. वाऱ्यानं खोड डुलत राहिलं की नव्या मुळांची टोकं मोडतात.

सुईपान | १ मार्च

आता जागा. जुनिपर उन्हाचं झाड आहे, घरातल्या उजेडात ते आधीच कमी असलेलं अन्नही बनवू शकणार नाही. पण सोलापूरची एप्रिल-मेची दुपार दुबळ्या झाडाला झेपणारी नाही. सकाळी दहापर्यंतचं थेट ऊन, नंतर ५० टक्के शेडनेट. ७५ टक्क्यांची हिरवी जाळी लोक सर्रास लावतात, तिच्याखाली फूट मलूल येते. जाळी झाडापासून निदान दोन-अडीच फूट उंच बांधा, झाडाला टेकली तर खाली हवा कोंडते. पश्चिमेकडून आडवा पडदा जरूर लावा, कारण चारचं तिरपं ऊन वरच्या जाळीच्या खालून आत येतं.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट कुंडीचा ताप. काळं प्लॅस्टिक, खाली तापलेला स्लॅब. कडेच्या मातीत हात घालवत नाही, आणि नवी मुळं नेमकी कडेलाच असतात. कुंडी स्लॅबवरून उचलून विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. भोवती गोणपाट गुंडाळा, ते दुपारी बारा आणि तीनला भिजवा. पाणी फक्त गोणपाटावर, मातीत नाही. दुसरा पर्याय म्हणजे मोठ्या मातीच्या कुंडीत ही कुंडी ठेवून मधल्या जागेत वाळू भरणं. मग तिरकी ठेवणं जमत नाही, म्हणून आधी माती नीट निथळू लागेपर्यंत गोणपाटच बरं.

खोडाकडेही लक्ष द्या. आजवर पानांच्या सावलीत असलेली साल अचानक उघडी पडली आहे. नैर्ऋत्य बाजूची साल भाजते, आतली जिवंत शीर मरते आणि तिच्यावरची फांदी महिन्याभरानं वाळते. मग कारण सापडत नाही. उघड्या भागावर सुती कापडाची पट्टी सैल गुंडाळा, जून संपेपर्यंत राहू द्या.

प्लॅस्टिकची पिशवी घालून दमटपणा राखायचा सल्ला कुठे वाचलात तर आपल्या उन्हात तो करू नका, झाड आत शिजेल.

नान्नजकर | १ मार्च

जखमेचं कुणी बोललं नाही. एक सेंमीपेक्षा मोठ्या कापांवर बोर्डो पेस्टचा पातळ हात द्या. डाळिंबाला वापरतात ती १० टक्क्यांची: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नको. तुमच्या झाडाला दोन चमचे पुरेल, म्हणून शेजारच्या बागाईतदाराकडून मागून घेतलेलं बरं. हिरव्या पानाला लागू देऊ नका. बारीक काप तसेच सोडा, जुनिपर त्यावर स्वतःची राळ सोडतो. हळद, शेण नको, ओल धरून बसतं.

पेठेतली_गच्ची | ११ एप्रिल

सध्याची स्थिती: पारा ४१. पाणी आता तीन दिवसांआड लागतं. उघड्या दोन्ही फांद्या वाळल्या. तीन झुपके ठीक आहेत, चौथा राखाडी आणि निस्तेज झालाय, जवळून पाहिलं तर बारीक पिवळे ठिपके दिसतात. मेला का तो?

भिंगवाला | ११ एप्रिल

ठिपके म्हटल्याबरोबर लाल कोळी, ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड, आठवावी. झुपक्याखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला तीन-चार टिचक्या मारा. कागदावर टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके पडतील. मिनिटभर बघा. चालू लागले तर कोळी, नाहीतर धूळ. बोटानं पुसल्यावर लालसर-हिरवट रेघ उमटली तरी कोळीच.

कोरड्या गरम हवेत त्यांची पिढी आठवड्याभरात पूर्ण होते, म्हणून एकदा फवारून भागत नाही. पहिला उपाय साधं पाणी: सकाळी लवकर, कुंडीवर प्लॅस्टिक झाकून माती भिजू न देता, झुपक्यांच्या खालच्या बाजूनं जोरदार फवारा. दर तीन दिवसांनी, चार वेळा. बहुतेक वेळा एवढ्यानं आटोक्यात येतात. नाही आले तर कृषी सेवा केंद्रात प्रोपरगाइट हे कोळीनाशक मिळतं, लेबलवरच्या सगळ्यात कमी मात्रेत, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पुन्हा सहा-सात दिवसांनी.

गंधकाची भुकटी या उन्हात नको, पस्तिशीच्या वर ती पानं भाजते. निंबोळी तेलाचंही तेच, तेल लावून चाळीस अंशांत ठेवलेलं पान करपतं. साध्या कीटकनाशकांनी तर कोळी वाढतात, कारण त्यांना खाणारे मित्रकीटक आधी मरतात.

सुईपान | १२ एप्रिल

मेला की नाही यासाठी झुपका बोटांत धरून हलकेच वाकवा. जिवंत हिरवळ लवचिक असते, मेलेली चुरा होते. रंगावर विसंबू नका, जुनिपर मेल्यावरही महिना-दोन महिने हिरवा दिसतो. शंका राहिली तर त्या फांदीच्या बुडाशी नखानं दोन मिलिमीटर साल खरवडा. आत ओलसर हिरवट-पांढरं असेल तर जीव आहे, कोरडं तपकिरी असेल तर गेली. ही तपासणी महिन्यातून एकदाच, आणि मुख्य खोडावर नको.

मे महिन्यात काहीच वाढ दिसली नाही तर घाबरून खत घालू नका. भर उन्हाळ्यात जुनिपर थांबून राहतो. खरी परीक्षा जूनच्या पहिल्या पावसानंतर.

पेठेतली_गच्ची | १४ एप्रिल

कागदावर ठिपके चालले. पाण्याचा फवारा सुरू केला आहे. झुपका लवचिक आहे.

पेठेतली_गच्ची | ६ जुलै

कोळी गेले. चारही झुपक्यांच्या टोकांना पोपटी फूट आली आहे, दीड-दोन सेंमी. एका फांदीवर झुपक्याच्या थोडं आतल्या बाजूलाही बारीक कोंब दिसतात. पण नवी पानं सुईसारखी टोचरी आहेत, जुनी खवल्यांसारखी मऊ होती. हा रोग आहे का?

सुईपान | ६ जुलै

फार आनंद झाला वाचून! रोग नाही. जास्त छाटणीनंतर खवल्यांचे जुनिपर पुन्हा बालपणीची सुईपानं काढतात. झाडाला धक्का बसल्याची ती खूण आहे. ती काढून टाकू नका, तीही अन्न बनवतात. वाढ निवांत होऊ दिली की पुढच्या एक-दोन वर्षांत टोकांना पुन्हा खवले येतात. दर वेळी कापत राहिलात तर सुयाच येत राहतील.

आतले कोंब डोळ्यांत तेल घालून जपा. टोकाला झुपका आणि मागे उघडी काठी असलेली फांदी पुढे आखूड करायची तर आधार याच कोंबांचा. त्यांच्यावर ऊन पडेल अशा बेतानं दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा. शेडनेट आता काढा, ढगाळ दिवस बघून.

कुंडीतली_मुळं | ७ जुलै

पावसाळ्यात कुंडी पुन्हा तिरकी हवी. सलग दोन दिवस झड लागली तर पत्र्याखाली घ्या. शक्य असेल तेवढं पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा. आपल्या पाण्यातल्या क्षारांनी कुंडीच्या काठावर जो पांढरा थर चढतो, तोच मातीतही साचतो आणि लोह अडकवतो. पुढे नवी फूट पिवळी आणि जुनी पानं हिरवी असं दिसलं तर लोहाची कमतरता समजा. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह) घेताना ईडीडीएचए प्रकारचं घ्या. स्वस्त ईडीटीए आपल्या चुनखडीच्या पाण्यात टिकत नाही.

खत आता सुरू करता येईल. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) अर्धा ग्रॅम एक लिटरला, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला सपाट चहाचा चमचा. पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर. करडईची किंवा शेंगदाण्याची पेंड ऑक्टोबरपर्यंत थांबवा, पावसात ती बुरशी आणि माशा धरते.

हिरवा_कठडा | ९ जुलै

धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे मोरपंखी आहे, बाहेरून कात्रीनं गोल केलेली. टोकं तपकिरी झाली. तीही अशीच सावरेल?

भिंगवाला | ९ जुलै

तिची हिरवळ बहुतेक शाबूत आहे, त्यामुळे धोका नाही. पान मधूनच कापलं गेलं की कडा तपकिरी होते. पुढच्या वेळी केस कापल्यासारखी कात्री फिरवू नका. एकेक डहाळी धरून ती आतल्या हिरव्या फाट्याशी कापा.

पेठेतली_गच्ची | २ नोव्हेंबर

फूट आता ५ ते ६ सेंमी आहे, रंग गडद. वाळलेल्या दोन फांद्या आता कापू का? आणि आकाराचं काम कधी?

सुईपान | ३ नोव्हेंबर

फांद्या खोडाशी सपाट कापू नका. ४-५ सेंमीचा खुंट ठेवा, साल सोलून टोक पक्कडीनं चिंबून तंतू ओढा. जुनिपरला असं पांढरं वाळकं लाकूड शोभतं, आणि सपाट कापानं खोडावर नवी जखम होते. सोलताना बुडाशी जिवंत साल जिथे सुरू होते तिथे थांबा. ती रेघ फुगीर दिसेल, तिला पक्कड लागू देऊ नका.

या हिवाळ्यात एवढंच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, हिरवळ दाट राहिली असेल तरच, माती बदला: विटांचा चाळलेला चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग, जुनं पानखत एक भाग, आणि गोळ्याची फक्त बाहेरची एक तृतीयांश माती मोकळी करा. काळी माती चिमूटभरही नको. माती बदलली तर त्या वर्षी छाटणी नाही. छाटणी त्यापुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात, तीही एका वेळी एक तृतीयांश हिरवळीच्या आत, आणि प्रत्येक काप पुढच्या हिरव्या कोंबाशी.

पेठेतली_गच्ची | ३ नोव्हेंबर

विटांचा चुरा धुऊन घ्यायचा की नुसता चाळून?

कुंडीतली_मुळं | ३ नोव्हेंबर

चाळून, मग धुऊन, मग दोन दिवस उन्हात वाळवून. चांगल्या भाजलेल्या लाल विटेचाच घ्या. कच्ची पिवळट वीट वर्षभरात विरघळून परत माती होते. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी दाबून बघा, फुटला तर ती वीट सोडा.